आवाज कुठे गेला

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधल्या एका शांत गल्लीत, एकाला एक चिकटून असलेल्या घरांपैकी एका घरात, शनिवारी सकाळी यशोधन बर्वे टीव्हीच्या मागे डोकं घालून बसला होता. थोड्याच वेळात सांगलीहून व्हिडिओ कॉल येणार होता. त्याचा धाकटा भाऊ हृषिकेश आणि स्वानंदी नावाची मुलगी यांचं जमतंय का हे बघायला दोन्ही घरं पहिल्यांदाच भेटणार होती. आई-वडील गेल्यापासून धाकट्याचं लग्न ही यशोधननं आपली जबाबदारी मानली होती, आणि मुलीकडच्यांना लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर बघणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. माणसं कशी टीव्हीवर मोठी दिसली पाहिजेत.

यशोधन मोटारींच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करायचा. गाडीतली सगळी उपकरणं एकमेकांशी नीट बोलताहेत ना, हे बघायचं त्याचं काम. घरातली उपकरणं मात्र त्याला जुमानत नसत. तळघरातलं वायफाय काँक्रीटमधून वर पोचेना, म्हणून त्यानं मेश बसवलं होतं. म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे तीन पांढरे डबे: एक तळघरात, एक दिवाणखान्यात, एक वरच्या मजल्यावर. प्रत्येक उपकरणानं आपापल्या जवळचा डबा धरावा अशी अपेक्षा. त्याचा टीव्ही हाताशी असलेला डबा सोडून तळघरातल्या डब्याला लोंबकळत राहायचा आणि अधूनमधून तिथूनही सुटायचा.

मुक्तानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवू या असं दोनदा सुचवून पाहिलं. हृषिकेश जवळच्याच ब्राउनश्वाइग शहरात पीएचडी करत होता आणि आदल्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घेऊन आला होता. त्याचंही तेच मत होतं.

"दादा, लॅपटॉपवरच बोलू ना. काय बिघडतंय?"

"नेटवर्क हा माझा विषय आहे, हृषी. तू केस विंचर."

मग यशोधननं दिवाणखान्यातला डबा उचलून पुस्तकांच्या कपाटावर, शेजारच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवला. त्या भिंतीपलीकडे फ्राऊ लिंडेमान, म्हणजे लिंडेमानबाई, राहत. त्यांचं इंटरनेट बंद पडलं होतं, दुरुस्तीची तारीख पुढे पुढे जात होती, म्हणून यशोधननंच मोठ्या मनानं त्यांना आपल्या वायफायचा पासवर्ड दिला होता. डब्याच्या नव्या जागेचा फायदा त्यांच्या टीव्हीला झाला. तो भिंतीच्या पलीकडच्या अंगालाच टांगलेला होता. दोन्ही टीव्हींचं नाव कंपनीनं दिलेलंच राहिलं होतं: वोनत्सिमर, म्हणजे दिवाणखाना.

कॉल आला. लॅपटॉपवर स्वानंदीचे वडील यशवंतराव, आई सुलेखाताई आणि मधे स्वानंदी दिसली. ती जनावरांची डॉक्टर होती. हृषिकेशशी तिचं एकदाच फोनवर बोलणं झालं होतं आणि तेही एक म्हैस अडली म्हणून अर्ध्यावर तुटलं होतं. तिचे दत्तामामा कॅमेऱ्याच्या फार जवळ बसल्यामुळे त्यांचं नुसतं टक्कल दिसत होतं. नमस्कार झाले, हवापाण्याची चौकशी झाली. आवाज छान येत होता.

"एक मिनिट हं काका, तुम्हाला जरा मोठं करतो," यशोधन म्हणाला.

जोडता येणाऱ्या टीव्हींच्या यादीत एकच वोनत्सिमर दिसत होता, कारण यशोधनचा टीव्ही नेमका त्याच वेळी वायफायवरून सुटला होता. त्यानं बटण दाबलं. समोरचा टीव्ही काळाच राहिला. लॅपटॉपवर मंडळी दिसत होती, ओठ हलत होते, पण आवाज नाहीसा झाला. तो भिंतीपलीकडे फ्राऊ लिंडेमान यांच्याकडे गेला होता. लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक मात्र पूर्वीसारखेच चालू होते, आणि सांगलीला इकडचं अक्षरन् अक्षर पोचत होतं.

"हॅलो, काका, ऐकू येतंय का?" यशोधननं विचारलं.

स्वानंदीनं जोरात मान हलवली आणि कानाकडे बोट दाखवलं.

"बघ, ऐकू येत नाही म्हणतेय," यशोधन म्हणाला.

मुक्ताला ती मान हो म्हणत असल्यासारखी वाटली होती. पण नेटवर्क हा यशोधनचा विषय होता.

बिघाड शोधण्याची त्याची एक पद्धत होती. आधी गर्दी कमी करायची. त्यानं प्रिंटर वायफायवरून काढला, फरशी पुसणारा यंत्रमानव काढला, दाराची घंटा काढली. तरी आवाज आला नाही, तेव्हा तो या निष्कर्षाला आला की दोष सांगलीत आहे.

"त्यांचाच माइक बंद आहे. साधं म्यूट काढता येईना कोणाला. मुलगी म्हणे डॉक्टर."

"यशोधन, हळू बोल," मुक्ता म्हणाली.

"अगं, ऐकतंय कोण? आणि ते मामा बघ. कॅमेऱ्यासमोर नारळ ठेवल्यासारखे."

पडद्यावरचं टक्कल सावकाश मागे सरकलं आणि पहिल्यांदाच दत्तामामांचा चेहरा दिसला. यशोधनला ती सुधारणा वाटली.

स्वानंदी आता दोन्ही हातांनी खुणा करत होती. यशोधननं तिला अंगठा दाखवला आणि आलेला वेळ सत्कारणी लावावा म्हणून भावाकडे वळला. थीसिसचं विचारलं तर संपत आलाय म्हणायचं, दोन वर्षं राहिलीत हे सांगायचं नाही, असं त्यानं बजावलं. राहत्या फ्लॅटमध्ये तिघांत एक स्वयंपाकघर आहे, हेही बोलायचं नाही. मुलीनं नोकरीचं काढलं तर विषय बदलायचा.

"जनावरांची डॉक्टर इथे काय करणार? म्हशी आहेत का इथे?"

इस्त्रीच्या शर्टात हृषिकेश फारशी हालचालही करत नव्हता.

"दादा, मी खोटं नाही सांगणार," तो म्हणाला. "दोन वर्षं आहेत तर दोन वर्षं. तिघांत स्वयंपाकघर आहे, आणि मला डाळ-भाताच्या पुढे काही येत नाही. हे ऐकून ती नाही म्हणाली तर म्हणू दे. पण म्हैस अडलीय म्हणून ती फोन ठेवून पळाली ना, तेव्हापासून मला तिच्याशीच बोलायचंय. तू आवाज तेवढा आण."

यशोधननं खांद्यावर हात ठेवून त्याला सांगितलं की भावना समजतात, पण सध्या प्रश्न तांत्रिक आहे.

तेवढ्यात बागेकडच्या काचेच्या दारावर टकटक झाली. बाहेर फ्राऊ लिंडेमान उभ्या होत्या. घंटा बराच वेळ वाजवली, पण कोणी आलं नाही म्हणून मागून आले, असं त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं. यशोधन सध्या कामात आहे म्हणाला. त्या म्हणाल्या, फार वेळ घेणार नाही, पण तुमचे नातेवाईक माझ्या टीव्हीवर आहेत. फार गोड माणसं आहेत. मी बागकामाचा कार्यक्रम बघत होते, पण मग यांनाच बघत बसले. फक्त एक विचारायचं होतं.

"ती मुलगी सारखं एकच म्हणतेय. आयकु येटाय, आयकु येटाय. याचा अर्थ काय?"

मुक्तानं त्यांना अर्थ सांगितला.

फ्राऊ लिंडेमान यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग यशोधनकडे पाहिलं, आणि मांजराला खायला घालायचंय असं सांगून त्या निघून गेल्या.

यशोधन जागचा हलला नाही. हृषिकेशनंच पुढे होऊन वोनत्सिमरशी असलेलं नातं तोडलं. लॅपटॉपमधून आधी पंख्याची घरघर आली, मग कोणीतरी घसा खाकरला.

"सगळं ऐकलंत?" हृषिकेशनं विचारलं.

"हो," स्वानंदी म्हणाली. "मी सांगत होते केव्हापासून."

"मग?"

"तिथे म्हशी नसल्या तरी गायी खूप आहेत. मी बघून ठेवलंय. आणि दोन वर्षं असतील तर बरंच आहे, मलाही इथलं काम लगेच सोडायचं नाहीये." ती कॅमेऱ्याकडे सरकली. "डाळ नीट शिजते का पण तुमची?"

"कधीकधी."

सुलेखाताई हसल्या. यशवंतराव म्हणाले की मुलांना आता आपापलं बोलू द्यावं. हृषिकेश स्वतःचा फोन घेऊन बागेत गेला आणि त्यानं जाताना फोनचं वायफाय बंद केलं. तिकडे स्वानंदीही उठून आतल्या खोलीत गेली.

मागे मोठी माणसं उरली. यशोधनला माफी मागायची होती, पण नारळापासून सुरुवात करावी की डॉक्टरपासून, हे त्याला ठरवता येईना. मुक्ता त्याच्या बोलण्याची वाट बघत बसली. इकडून बराच वेळ शब्द येईना, तेव्हा पडद्यावर पुन्हा टक्कल पुढे आलं. दत्तामामांनी लॅपटॉप निरखून पाहिला, एकदा टिचकीही मारली.

"यांचा आवाज परत गेलेला दिसतोय," ते यशवंतरावांना म्हणाले. "बरंच झालं. भावजी, स्पष्ट सांगतो, मुलगा आपल्याला पसंत आहे. थोरल्याची तेवढी चौकशी करून घ्या."

यशोधन हात जोडून बसून राहिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.