चॅपलपाशी डावीकडे

जिलियनने वडिलांच्या गाडीच्या काचेवर जीपीएस चिकटवलं आणि त्यात शेताचा पिनकोड घातला.

"आता काही बघायचं नाही, बाबा. ही बाई सांगेल तिकडे वळायचं."

हेडली ऑक्सली त्या यंत्राकडे बघत राहिला. "मागे कॅरॅव्हॅन जोडलीय हे हिला माहितेय का?"

"हिला सगळं माहीत असतं."

तिला ते माहीत नव्हतं. पण हे कळायला दुपारचे साडेतीन वाजायचे होते.

गेली तेवीस वर्षं, मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, हेडली आणि त्याची बायको नॉरीन बार्न्सलीहून कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, ओढत आल्डरसनबाईंच्या शेतावर जायची. तिथे पाचच कॅरॅव्हॅन उभ्या राहतात. ओढ्याकाठची पाच नंबरची जागा यांची. गेल्या सप्टेंबरात नॉरीनने ती नेहमीप्रमाणे सांगून ठेवली आणि नोव्हेंबरात ती वारली. जागा रद्द करायला हेडलीने दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

शेताचा रस्ता आल्डरसनबाई कागदावर छापून पाठवत. तो कागद गाडीच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत होता. नॉरीनने वाचायचं आणि हेडलीने चालवायचं असा गाडीतला कायदा होता, त्यामुळे त्याने तो कधी हातात घेतला नव्हता. त्यावर ती पेन्सिलीने काहीबाही लिहायची एवढं त्याने पाहिलं होतं. म्हणूनच त्याला खण उघडायचा नव्हता. जीपीएसला तो हो म्हणाला तो यासाठी.

नॉरीनच्या जागी बसायला तिचा धाकटा भाऊ नेव्हिल आला. त्याने चौतीस वर्षं बस चालवली होती आणि दुसऱ्याच्या शेजारी बसायची त्याला सवय नव्हती.

"सहाच्या आत पोचायचंय," हेडली म्हणाला. "नाहीतर जागा दुसऱ्याला देतात. तसं छापलेलंच आहे."

"आत्ता एक वाजलाय. सहापर्यंत मी तुला स्कॉटलंड दाखवून आणीन."

"तू नाही आणणार. तू बसणार आहेस."

मोठा रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. हेडली थोडा बोलायलाही लागला.

"पुढे एक चॅपल लागतं. तिथे फाटा आहे. तुझी बहीण दरवर्षी डावीकडे सांगायची आणि दरवर्षी ते चुकायचं. सहा मैल चढ. वर माळावर एका फाटकापाशी वळवायला जागा आहे, तिथे पोचल्यावर म्हणायची, 'अगंबाई, माझं डावं-उजवं परत चुकलं.' मग आलोच आहोत तर चहा."

"तेवीस वर्षं?"

"तिला डावं-उजवं कळायचं नाही."

"मला कोणी शिकवलं मग?" नेव्हिल म्हणाला. "तिनेच. माझ्या बुटांवर खडूने लिहून."

तेवढ्यात, चॅपल यायच्या आधीच, यंत्रातल्या बाईने डावीकडच्या एका गल्लीत वळायला सांगितलं.

"इथून आम्ही कधी जात नाही," हेडली म्हणाला.

"तुम्ही दरवर्षी चुकता. वळ."

गल्ली सुरुवातीला गाडीएवढी होती. मग कॅरॅव्हॅनएवढी झाली. मग दोन्हीकडच्या दगडी भिंती कॅरॅव्हॅनला हात लावू लागल्या आणि समोरून मेंढ्यांनी भरलेला ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्या बाईने ट्रॅक्टर बंद केला आणि हाताची घडी घातली.

"तुम्हालाच मागे जावं लागेल," ती म्हणाली. "माझ्याकडे चाळीस मेंढ्या आहेत."

मागे घेताना कॅरॅव्हॅन उलटं ऐकते. स्टीअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं की ती उजवीकडे जाते. नॉरीन मागे उभी राहून नुसता हात दाखवायची. नेव्हिलने मागे उभं राहून बस डेपोत लावतात तसे हुकूम सोडले. हेडली चाक उलटं फिरवत होता आणि नेव्हिलही हिशेब करून उलटंच सांगत होता, त्यामुळे पाचव्या मिनिटाला कॅरॅव्हॅन गल्लीत आडवी झाली. मागून टपालाची गाडी आली. मग दोन सायकलवाले आले. प्रत्येकाने थोडं थोडं सांगितलं.

"जीपीएसवर आलात ना?" ट्रॅक्टरवालीने विचारलं. "महिन्यातले तिसरे तुम्ही. आल्डरसनबाईंनी कागद नाही पाठवला?"

"पाठवलाय की," नेव्हिल म्हणाला. "खणात आहे. आम्ही तो उघडत नाही."

गल्लीतून बाहेर यायला सव्वा तास लागला. मागचा एक लाल दिवा तिथेच राहिला. तो टपालवाल्याने आणून दिला.

यंत्रातल्या बाईला कशाचंच वाईट वाटलं नाही. तिने नवा रस्ता काढला आणि पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांना एका अनोळखी अंगणात नेऊन म्हणाली, "आपण पोचला आहात."

एक कोंबडी गाडीच्या नाकावर येऊन बसली. समोर ओढा होता. ओढ्यापलीकडे हिरवं शेत, चार कॅरॅव्हॅन आणि कडेला एक रिकामी जागा. ऐंशी पावलं असतील. मध्ये पूल नव्हता.

"ती पाच नंबर," हेडली म्हणाला.

"मी पाण्यातून जाऊन खुर्ची ठेवून येऊ का?"

हेडली पलीकडे बघत राहिला. त्या जागेवर नॉरीन पहिल्यांदा किटली मांडायची, मग खुर्च्या, मग त्याने खुंट्या वाकड्या ठोकल्या म्हणून बोलायची. तिथे आता नुसतं गवत होतं. ते इतकं जवळ होतं की त्याला राग आला.

"काढ तो कागद," तो म्हणाला.

नेव्हिलने खण उघडला. "वर जाड अक्षरात आहे, 'कृपया जीपीएस वापरू नये.' पहिलंच वाक्य आहे, हेडली."

"पुढे."

"'वापरलंच असेल तर गावात परत या. चॅपलपाशी उजवीकडे. दीड मैलावर शेत.'" मग तो थांबला.

"काय झालं?"

"पेन्सिलीने लिहिलंय."

"वाच."

"'डावीकडे सांगायचं. वर चहा. बिस्किटं वरच्या कपाटात ठेवणे. वीस मिनिटं कुरकुरतो, मग गप्प बसून खाली बघतो.'" नेव्हिलने कागद डोळ्यांजवळ नेला. "खाली आणखी एक ओळ आहे. 'त्याला कळलंय वाटतं. विचारायचं नाही.'"

हेडलीने कोंबडीला खाली उतरवलं आणि गाडी सुरू केली.

चॅपलपाशी पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते.

"उजवीकडे," नेव्हिल म्हणाला. "पाच मिनिटांत पोचतो."

हेडलीने डावीकडचा दिवा लावला.

"मी उजवीकडे म्हणालो."

"ऐकलं मी."

"जागा जाईल, हेडली."

"जाईल," हेडली म्हणाला आणि डावीकडे वळला. यंत्रातली बाई चढभर मागे फिरायला सांगत होती. तिसऱ्या मैलावर नेव्हिलने तिला काचेवरून काढून खणात ठेवलं.

वर माळावर वारा होता. खाली सगळं खोरं दिसत होतं, ओढा दोऱ्याएवढा. हेडलीने कॅरॅव्हॅनमध्ये गॅसवर किटली ठेवली आणि वरचं कपाट उघडलं. गेल्या मेमधला बिस्किटांचा अर्धा पुडा रबर लावून ठेवलेला होता. बिस्किटं मऊ पडली होती. दोघांनी ती खाल्ली.

"कधी कळलं तुला?" नेव्हिलने विचारलं.

"दुसऱ्या वर्षी."

"मग बोलला का नाहीस?"

"चहा बंद झाला असता."

नेव्हिलने कप खाली ठेवला. "आता तू कुरकुर करायचीस ना? वीस मिनिटं?"

हेडलीने प्रयत्न केला. वाऱ्याबद्दल बोलला, डिझेलबद्दल बोलला, तिच्या डोक्याबद्दल बोलायला लागला आणि पाच मिनिटांतच थांबला. उरलेली पंधरा मिनिटं तो खाली बघत बसला.

शेतावर पोचायला सव्वासात झाले. आल्डरसनबाई फाटकापाशी आल्या. जिलियनने त्यांना हिवाळ्यातच फोन करून नॉरीनचं सांगितलं होतं, तरी त्यांची नजर आधी शेजारच्या सीटवर गेली.

"जागा गेली असेल," हेडली म्हणाला.

"का जाईल? सहाची अट मी सगळ्यांसाठी छापते. तुम्ही सातच्या आत कधी आलात?" त्यांनी फाटक उघडलं. "चॅपलपाशीच ना? यंदा कोणी चुकवलं?"

हेडलीने अंगठ्याने शेजारी दाखवलं.

"हा तिचा भाऊ. याला डावं-उजवं कळत नाही."

चौतीस वर्षं बस चालवलेल्या नेव्हिलने कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरळ करून ठेवला.

"नाही कळत," तो म्हणाला. "आमच्या घरात कोणालाच नाही."