आप्पांची मुखत्यारी

आमच्या शेजारच्या आप्पांना ‘जरा गॅसवरचं दूध बघा’ एवढं सांगून मी एकदा गच्चीवर गेले. परत येते तर दूध उतू जाऊन ओट्यावर, आणि आप्पा शांतपणे बघत उभे! म्हणे, ‘बघायचा अधिकार दिला होता. गॅस बंद करायचा कुठे दिला?’

आता या माणसाला काय म्हणायचं, सांगा!

आप्पा मूळचे शहाद्याकडचे. पांडेसऱ्यातल्या कपडा रंगवायच्या मिलमध्ये उभा जन्म गेला. गावचं घर विकायचं होतं तेव्हा रजा मिळेना, म्हणून वकिलाकडून पुतण्याला मुखत्यार नेमलं. आपल्या जागी दुसऱ्याने सही करायची आणि ती आपलीच धरायची, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात जी बसली ती कायमची. कोणी मध्ये तोंड घातलं की लगेच, ‘तुले अधिकार कोनी दिधा?’

माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भरिताची वांगी आणायला पाठवलं तर हात हलवत परत. ‘बारकी वांगी होती. तेवढा अधिकार नव्हता.’ माई कावल्या. ‘जा, तुम्हाला कुलमुखत्यार केलं! वाटेल ते आणा!’ आप्पांनी पिशवी भरून कारली आणली. माईंनी दारातच मुखत्यारी रद्द केली. अख्खी गल्ली हसली, आणि सगळ्यांत जास्त आप्पाच.

गेल्या पावसाळ्यात माई गेल्या. दिवाळीत आप्पांनी मला हाक मारली, ‘पोरी, ओवाळायचं ताट लावून दे.’ बघते तर पाटावर माईंचा धाकटा भाऊ संतोष अवघडून बसलेला. दरवर्षी भाऊबीजेला यायचा. यंदा येत नव्हता, आप्पांनी फोन करकरून बोलावला होता.

‘ओवाळणार कोण, दाजी?’

‘मी. तुझ्या बहिणीचा मुखत्यार.’

मला राहवलं नाही. ‘आप्पा, माणूस गेलं की त्याने दिलेली मुखत्यारी संपते. तुम्हीच शिकवलंत ना?’

‘संपते गं. माहीत आहे मला.’ त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. ‘पण ती गेली म्हणून यानेही यायचं सोडलं, तर माझ्या दारात माझं म्हणून येणारं कोण उरलं?’

मी निरांजन लावून दिलं. आप्पांनी संतोषच्या कपाळभर कुंकू फासलं, अक्षता त्याच्या डोळ्यांत टाकल्या आणि कसंबसं ओवाळलं.

‘पुढला वरीसले येशी ना रे?’

‘येसु ना, दाजी!’ संतोष डोळे चोळत उठला आणि थोरल्या बहिणीच्या पडायचा तसा दाजींच्या पाया पडला. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही.