नऊ नंबरचा दळवी

दळवी माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसायचा, आणि माझ्या शर्टाला आग लागली असती तरी ते त्याने मला टाइप करूनच कळवलं असतं. हे उगाच म्हणत नाही. एकदा माझ्या खांद्यावर पाल चढली होती आणि मला पत्ता नव्हता. दळवीने ती पाहिली, शांतपणे कीबोर्डकडे वळला आणि माझ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: "सात, उजव्या खांद्यावर पाल आहे. हलू नकोस. बस."

मी अर्थातच हललो. पाल शिरोडकरच्या कॉलरवर गेली आणि पुढचा गोंधळ शेजारच्या गाळ्यातल्या लोकांनीही येऊन पाहिला. दळवी तेवढा काम करत राहिला.

"सात" म्हणजे मी. आमची कंपनी अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या मजल्यावर पत्र्याचे डबे बनायचे, वर आम्ही परदेशातल्या एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम बनवायचो. काचेच्या खोलीत एकच मोठा कॉम्प्युटर, आणि बाहेर हॉलमध्ये त्याला जोडलेली आमची टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. धुळीने यंत्र बिघडतं म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायचे. देवळात जावं तसे आम्ही रोज आत जायचो, फक्त मोज्यांना भोकं असायची. प्रत्येक टर्मिनलला नंबर होता. साहेबांच्या केबिनमध्ये एक नंबर, शिरोडकरचा चार, वैशाली टिपणीसचा पाच, माझा सात, दळवीचा नऊ.

या टर्मिनलवरून त्या टर्मिनलवर निरोप पाठवायची सोय यंत्रात होती. यंत्र बंद करण्याआधी सगळ्यांना सावध करावं, एवढ्यासाठी ती ठेवलेली. आम्ही तिचा कट्टा केला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत मराठी लिहायचं, आणि मान वर न करता गप्पा मारायच्या. शिरोडकर लिहायचा, "साहेब आज नवीन टाय लावून आलाय. वाट लागली." वैशाली विचारायची, "कोणाची?" शिरोडकर: "टायची." बाहेरून पाहणाऱ्याला दिसायचे ते बाराएक जण, पडद्याकडे गंभीरपणे बघणारे.

या कट्ट्याचा राजा दळवी. पडद्यावर तो इतका हजरजबाबी की शिरोडकरसुद्धा त्याच्यापुढे हात टेकायचा. तोंडाने मात्र दिवसाकाठी दोन शब्द. संध्याकाळी बसस्टॉपवर मी त्याला काही विचारलं तर तो मान हलवायचा आणि त्याची बोटं पँटवर वळवळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, जागेवर बसल्या बसल्या, पडद्यावर उत्तर यायचं: "सात, कालचा प्रश्न. नाही, मला क्रिकेट आवडत नाही. बस."

त्याची शिस्त कडक होती. निरोपाची सुरुवात समोरच्याच्या नंबराने, शेवट "बस"ने. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो नियम शिकवायचा: यंत्राला द्यायच्या आज्ञेत आधी टर्मिनलचा नंबर टाका, मग मजकूर, नंबर विसरलात तर निरोप सगळ्यांना जातो. कोणी विसरला की दळवी त्याला टोमणा मारायचा, "भोंगा लावून बोलू नये. बस."

आणि चौकस तर इतका, की आम्हाला कधी कधी राग यायचा. शिरोडकरचं घरमालकाशी भांडण झालं, तर मालक काय म्हणाला, मग तू काय म्हणालास, मालकाने बनियन कुठलं घातलं होतं. वैशालीची आई हॉस्पिटलात होती, तर शेजारच्या खाटेवर कोण, ती म्हातारी रात्री गाते का. "सविस्तर सांग. बस." शिरोडकर म्हणायचा, "अरे यार, हा पेपर काढणार आहे का आपला?" साडेपाच वाजले की दळवी बूट हातात घेऊनच जिना उतरायचा. इतकी घाई कशाची विचारलं तर म्हणायचा, "घरी वाट बघतात." लग्न झालेलं नव्हतं. आम्ही खूप तर्क केले, सगळे वाईट.

मग ते प्रकरण घडलं. वैशालीच्या आईचं ऑपरेशन ठरलं. तिने चार दिवसांची रजा मागितली. साहेबांनी केबिनचं दार उघडं ठेवून, हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बायकांना कामावर घेतलं की हे असं होतं. परदेशात काम करणाऱ्यांना आया नसतात का, असंही विचारलं. वैशाली जागेवर येऊन बसली. आम्ही शिकलेली माणसं होतो आणि शिकलेली माणसं अशा वेळी पडद्याकडे बघतात.

तेवढ्यात सगळी टर्मिनलं एकदम टुंग वाजली. हॉलभर एकच मजकूर उमटला:

"सात, पाच नंबर रडते आहे. साहेब हा माणूसच नाही. तिला चहा नेऊन दे. माझं नाव सांगू नकोस. बस. टर्मिनल नऊ."

पाठवणाऱ्याचा नंबर यंत्र शेवटी आपणहून जोडायचं. झालं होतं असं, की दळवीने सवयीप्रमाणे मजकुरात "सात" लिहिलं, आणि नंबर टाकला या समजुतीत तो आज्ञेत टाकायचाच विसरला. सगळ्यांना नियम शिकवणाऱ्या माणसाने भोंगा लावला होता, आणि तो एक नंबरवरही वाजला होता.

साहेब दारात आले. त्यांनी दळवीला काढलं नाही. विमा कंपनीचं निम्मं काम त्याच्या डोक्यात होतं. ते फक्त म्हणाले, "मशीन कामासाठी आहे. गप्पा घरी जाऊन मारा." दुसऱ्या दिवसापासून निरोपाची सोय बंद. वैशाली दळवीजवळ येऊन तोंडाने "थँक यू" म्हणाली. त्याचे हात कीबोर्डवर गेले, तिथेच थांबले आणि परत मांडीवर आले.

माझं बालपण पत्रकांत गेलं आहे. आमच्या घरी वडिलांच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. छापलेलं खोटं असता कामा नये, हे मी तिथेच शिकलो. मी एक पत्रक लिहिलं: रजा हा हक्क आहे, अपमान हा पगाराचा भाग नाही, आणि आमचं बोलणं आम्हाला परत द्या. सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना वाटलं आणि शनिवारी गेटबाहेरच्या टपरीवर सभा बोलावली. युनियन करायची होती.

आले तिघे. वैशाली, दळवी आणि सिगरेट प्यायला शिरोडकर.

"युनियन गिरणीत असते रे," शिरोडकर म्हणाला. "आपण काय कामगार आहोत का? माझे अमेरिकेचे कागद चालू आहेत यार, मला यात घेऊ नको."

"गिरणीवाल्यांना साहेब हाक मारायचा तर निदान नावाने मारायचा," मी म्हणालो. "आपल्याला नंबर आहेत."

"तू भाषण चांगलं करतोस," तो म्हणाला आणि सिगरेट विझवून गेला.

दळवी शेवटपर्यंत उभा होता. जाताना एक पत्रक घडी करून खिशात घातलं. युनियन झाली नाही. पुढच्या महिन्यात वैशालीची आई ऑपरेशनआधीच गेली आणि वैशालीने नोकरी सोडली. शिरोडकर अमेरिकेला गेला. त्यांच्या खुर्च्यांवर नवी पोरं आली, त्यांना कट्टा ठाऊकच नव्हता. दळवी काम करायचा आणि साडेपाचला निघायचा, पण जिना आता सावकाश उतरायचा.

पावसाळ्यानंतर तो येईनासा झाला. कावीळ, असं कोणी तरी म्हणालं. एका रविवारी मी पत्ता शोधत जोगेश्वरीला गेलो. गुंफांच्या मागे चढावर चाळ होती. दार उघडंच. आत खाटेवर दळवी, डोळे हळदीसारखे पिवळे. दाराशी खुर्चीत एक म्हातारा बसला होता. मी नमस्कार करून नाव सांगितलं. म्हातारा माझ्याकडे नुसता बघत राहिला.

दळवी उठून बसला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहून ओठ मोठे मोठे हलवले, आवाज न काढता, आणि सात बोटं दाखवली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "सात नंबर," तो चाळभर ऐकू जाईल असा ओरडला. "ये रे, बस. बाबलो तुमच्याबद्दल रोज सांगता माका."

हे दळवीचे वडील, आणि बाबलो म्हणजे दळवी. जन्म गिरणीच्या साचाखात्यात गेलेला, म्हणजे शेकडो माग एकदम धडधडतात तिथे. तिथली माणसं ओठांनी आणि हातांनीच बोलतात. आवाजाचा उपयोग नसतो. मागांनी म्हाताऱ्याचे कान नेले. मग संप आला, लांबला, आणि गिरणीने कामही नेलं. आई लहानपणीच गेलेली. त्या खोलीत आवाज काढून बोलायची कधी गरजच पडली नव्हती. आता म्हातारा दिवसभर दारात बसायचा आणि संध्याकाळी मुलगा येऊन त्याला आमचा कट्टा सांगायचा. सविस्तर.

"पाच नंबराची आई घराक इली मां?" म्हाताऱ्याने विचारलं. "ऑपरेशन चांगला झाला, बाबलो सांगी होतो."

मी दळवीकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"आणि तो शिरोडकर. गेल्या आठवड्यात सायबाक काय बोललो, हसान हसान पोट दुखला माझा."

शिरोडकरला जाऊन दोन महिने झाले होते. कट्टा बंद होऊन त्याहून जास्त. दळवी रोज संध्याकाळी घरी येत होता आणि आम्हाला बोलायला लावत होता. त्याच्या कट्ट्यावर कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं.

म्हाताऱ्याने भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या खिळ्याला माझं पत्रक अडकवलेलं होतं.

"तुमची युनियन झाली," तो म्हणाला. आता त्याचा आवाज जरा खाली आला होता. "सायब खाली इलो. तुमचा बोलणा परत सुरू केल्यान. आमका नाय जमला रे. एवढे लोक होते आमी, नाय जमला. तुमका जमला." त्याने माझा हात धरला. "सगळे होते मां?"

खाटेवर दळवीची बोटं चादरीवर हलत होती. कोणता निरोप होता कोणास ठाऊक. माझ्यासमोर पडदा नव्हता.

मी म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकून बसलो, माझं तोंड त्याला नीट दिसावं म्हणून. आणि ओठ मोठे मोठे हलवले.

"झाली. सगळे होते."

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि बाहेर बघू लागला. मी उठलो. पत्रक खिळ्यावर वाऱ्याने हलत होतं. दारात चप्पल घालत असताना मागून कोणी तरी बोललं. घोगरा, न वापरलेला आवाज. मला आधी कळलंच नाही की तो दळवीचा आहे.

"सात," तो म्हणाला, "चहा घेऊन जा."

मी परत आत आलो. त्याने स्टोव्हकडे हात केला, थोडा वेळ शब्द शोधला.

"बस."