आबांनी जपलेली डच नोट

जुन्या नोटा हाताळाव्यात तर मीच! दुबईतल्या अख्ख्या करामात दुसरा माणूस दाखवा! म्हणून तर शारजाच्या हमदुल्लाभाईंनी वडिलांच्या संग्रहातली नोट आठवडाभर माझ्या हवाली केली. लंकेतून डच गेले, इंग्रज आले, त्या धामधुमीतली! शनिवारी आमच्या मंडळात तिच्यावर माझं भाषण होतं.

साताऱ्याहून आलेल्या सासऱ्यांना मी बजावलं, "आबा, हिला घामाचा हात नको, पाण्याचा थेंब नको. जिवापाड जपायची!"

"निर्धास्त जा, शैलेंद्रराव."

मी निर्धास्त ऑफिसला गेलो. तिथेच फसलो!

संध्याकाळी आबांनी नोट टेबलावर आपटली. टक्क!

"लॅमिनेट केली! आता बादलीत बुडवा! पाच दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये घेतले. लुटारू!"

दोनशे वर्षांच्या कागदाचं रेशनकार्ड झालं होतं! मी तोंड उघडणार, तोच माझी बायको विभावरी कुजबुजली, "ओरडू नकोस हं. बेचाळीस डिग्रीत चालत गेलेत."

मग मी हेअर ड्रायरने प्लास्टिक सोडवायला गेलो. ते टम्म पुरीसारखं फुगलं!

"बाबा, प्लीज स्टॉप!" मैथिली किंचाळली. आणि बेल वाजली. दारात हमदुल्लाभाई!

"इधर से गुज़र रहा था. सोचा, नोट देख लूँ."

मी नोट सोफ्यावरच्या उशीखाली सरकवली. ते नेमके त्याच उशीवर बसले. कर्र्!

"नोट? हाँ, है ना… एकदम सेफ…"

आबांना खोटं सोसत नाही. ते हात जोडून म्हणाले, "साहब, आप नोट पे ही बैठे हैं. गलती हमारी है."

हमदुल्लाभाईंनी नोट उचलली. उलटीपालटी करून पाहिली.

"कीमत तो खलास," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "अब्बा ने कभी छूने नहीं दिया. मैं भी चिमटे से ही उठाता था. आज पहली बार हाथ में ली है, अंकल."

आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. विभावरीने चहा टाकला. दोघं दोन तास आपापल्या वडिलांबद्दल बोलत बसले.

शनिवारी नोट सभागृहभर हातोहात फिरली. पोरांनी तिने वारासुद्धा घेतला! माझं भाषण कुणी ऐकलं नाही.

रविवारी हमदुल्लाभाईंचा फोन आला. मी घाईघाईने म्हणालो, "भाई, फिर एक बार सॉरी…"

"अरे, आप नहीं. अंकल को फ़ोन दीजिए!"