टेलला पोचलं का?

आमच्या गल्लीत मुकुंदरावांच्या फाटकावर एक काळी पाटी टांगलेली आहे. 'कुत्र्यापासून सावध' असलं काय तिच्यावर नाय. खडूनं ठसठशीत लिहिलेलं असतं : 'पुढील लेख नळाच्या दिवशी.' नवा माणूस पाटी वाचतो, मग नळाकडं बघतो, मग मुकुंदरावांकडं बघतो आणि गुमान पुढं जातो.

हा लेख म्हणजे ब्लॉगवरचा लेख. मी चौथी शिकलेला माणूस. शेंद्र्याची जमीन कारखान्यात गेली म्हणून शहरात घर बांधलं, तर शेजारी हे निघाले. रिटायर झाल्यावर त्यांच्या पुण्याच्या लेकीनं त्यांना ब्लॉग काढून दिला. म्हणजे वहीत लिहायचं ते फोनात लिहायचं आणि जगानं वाचायचं. जग म्हणजे आमची गल्ली. बत्तीस माणसं.

मुकुंदराव आधी कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी पाळीपाळीनं सोडतात, त्याला ते आवर्तन म्हणतात. कालव्याचं अगदी शेवटचं टोक म्हणजे टेल. तिथल्या शेताला पाणी पोचत नाय, वरचेच मधी पिऊन टाकतात. मुकुंदरावांचा सगळा जन्म त्या टेलपायी गेला. सायकल हाणत शेवटच्या शेताला जायचे, चिखलात पाय रुततो का बघायचे, मगच डबा सोडायचे.

नोकरी सुटली पण टेल सुटलं नाय. करमाडला एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. हे स्वतःच्या ताटावरून उठले आणि खरकट्या हातानं शेवटच्या रांगेत जाऊन एका म्हातारीला विचारायला लागले, "टेलला पोचली का बुंदी?"

म्हातारी म्हणाली, "बुंदी दोनदा पोचली बाबा. मीठ तेवढं बघ."

ह्या गड्यानं मीठ नेऊन वाढलं. नवरदेवाच्या बापाला वाटलं, हा मुलीकडचा. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचा.

तर ब्लॉग. लेख किती दिवसांनी सोडायचा, हा त्यांना लागलेला घोर. पहिला महिना रोज सोडला. जालना रोड रुंद झाला तेव्हा पडलेली लिंबाची झाडं, बुजवलेल्या विहिरी, दौलताबादची सीताफळं, काय काय लिहायचे. लिहायचे चांगलं, पण रोज! सगळ्यांचे फोन टुंग टुंग. शेवटी समोरचे सलीमभाई टेलर म्हणाले, "साब, रोज रोज तो मैं बीवी की भी नई सुनता."

मग दर सोमवारी केलं. सोमवार कुणाच्या ध्यानात राहीना. मग अमावस्या-पौर्णिमा धरली. तर बाया म्हणाल्या, "अमावस्येला कुणी नवं काय वाचतं व्हय?"

मुकुंदराव वाळायला लागले. रजिस्टर काखेत मारून आमच्या ओट्यावर आले. रजिस्टर म्हणजे कालव्याचंच, उरलेल्या पानांवर ब्लॉग. तारीख, लेख, वाचक, शेरा असे रकाने.

"जाधव, फार सोडलं तर वाहून जातं, कमी सोडलं तर करपतं. काय करू?"

मी म्हणलं, "लिहू नका."

आमची कौसा मेथी निवडत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. मी फोन धरून एकेक अक्षर लावत तिला लेख वाचून दाखवायचो, आणि ती चारला चहा टाकून ऐकत बसायची. मेथीतून मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, नळ येतो त्या दिवशी द्या की. बाया तशाबी नळीपाशी अडकलेल्या असतात. टाकी भरस्तोवर वाचतील."

मुकुंदराव उभेच राहिले. "वहिनी, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होत्या!"

त्या दिवशी पाटी लागली. आणि खरंच लोक वाचायला लागले. एका हातात नळी, एका हातात फोन. 'नळ आला का?' असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, 'आला, लेखबी आला.'

मग दुष्काळाची सालं लागली. माळावर चार-चार मजली इमारती उठत होत्या आणि धरण खाली खाली चाललं होतं. नळ तिसऱ्या दिवसाचा पाचव्यावर गेला, पाचव्याचा आठव्यावर. मुकुंदरावांनी लेखबी आठव्या दिवसावर नेला.

मी म्हणलं, "तुमच्या डोक्यातलं पाणी कशानं आटलं?"

"आवर्तन म्हणजे आवर्तन. धरणात नाही, तर मी कुठून सोडू?"

मधी टँकर आला तर चार ओळींचा लेख टाकायचे. त्याचं नावच 'टँकर'. कौसाला ते टँकर लई आवडायचे. चहा निवायच्या आत माझं वाचून व्हायचं.

वैशाखात कौसा गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाय. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाय. लेक-सुना आल्या, तेरावं करून गेल्या. मी दार लावून घेतलं. सकाळी खिचडी टाकायची, तीच सांजच्याला खायची. दिवस कसाबी ढकलता येतो. चार वाजले की मात्र घर अंगावर यायचं. चहाचं पातेलं मी उपडं घालून ठेवलं होतं.

चौदाव्या दिवशी बरोबर चारला फोन वाजला. टुंग. लेख. नळाचा दिवस नव्हता. दुसऱ्या दिवशी चारला परत टुंग. तिसऱ्या दिवशीबी. मला वाटलं, ऊन लागलं ह्यांना. लेखसुद्धा भिकार. एक दाराच्या कडीवर, एक मुंग्यांवर, एक तर नुसता लिंबाच्या लोणच्यावर.

आणि वरून कंपाउंडच्या भिंतीवर हनुवटी टेकवून हाका. "जाधव! वाचलं का? चुका काढा."

"मी चौथी शिकलेलो. मी काय तुमच्या चुका काढू?"

"म्हणूनच. तुम्हाला कळलं, तर सगळ्यांना कळेल."

झालं. रोज चारला दार उघडून अक्षर अक्षर लावत बसायचो. त्यात तासभर जायचा. मग त्यांच्या ओट्यावर जाऊन भांडायचो. मुंग्यांवर दोन पानं लिहायला मुंग्या काय तुमच्या पाहुण्या हायत का, लोणच्यात गूळ कोण घालतं, असं. भांडून घसा सुकला की ते चहा द्यायचे. चहा कसला, काढा.

गल्ली वैतागली. सलीमभाईंनी फोन गप्प करून टाकला. बाकीचेबी एकेक करून सुटले. बत्तीसाचे वीस झाले, विसाचे सात, मग एक. आधी एक वाचक कमी झाला तर ह्या माणसाला भाकर गोड लागत नव्हती. आता हे गडी निवांत. मला तेच खटकत होतं.

एक दिवस ते आत चहा करत होते. रजिस्टर बाजेवर पडलेलं. मी काय सज्जन माणूस नाय. उघडलं. कौसाच्या तेराव्याच्या पुढच्या दिवसापाशी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षर होतं. बोट ठेवून लावलं :

'आजपासून रोज, चार वाजता. वाचक घटतील. हरकत नाही. टेल कोरडं पडलं आहे.'

मुकुंदराव दोन कप घेऊन आले. रजिस्टर माझ्या मांडीवर बघून कप खाली ठेवले आणि धोतराला हात पुसत बसले.

मी ओरडलोच. "एकतीस माणसं घालवली तुम्ही!"

"वरच्यांना कुठूनही मिळतं हो." चहावरची साय बोटानं काढत म्हणाले, "आमची ही गेली तेव्हा मला चार वाजता काय करावं ते कळायचं नाही. पुष्कळ वर्षं कळलं नाही."

मी त्यांच्या शेजारी इतकी सालं राहिलो. कौसा आणि मी चारला चहा पीत बसायचो, मधी एक भिंत. चारला हा माणूस काय करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

काढा एका घोटात संपवला आणि म्हणलं, "उद्यापासून परत नळाच्या दिवशीच. तिनं ठरवून दिलेलं हाय. ते मोडायचं नाय."

मुकुंदराव हो म्हणाले. फाटकापाशी जाऊन बाहीनं पाटी पुसली, खडू घेतला. 'पुढील लेख' एवढं लिहिलं आणि हात थांबला.

"आणि मधल्या दिवशी?" पाटीकडंच बघत विचारलं.

"मधल्या दिवशी मी येतो. चारला. चहा मात्र माझ्या घरून आणीन. तुमचा पिववत नाय."

"रोज याल?"

एवढ्या हळू आवाजात हा माणूस बोलतो, ते मला ठाऊक नव्हतं.

"यावं लागंल की," मी म्हणलं. "टेलला पोचलं का, ते बघायला नको?"