हेडमास्तरांची दाढ

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पहिलीत वीस मुलं भरली नाहीत तर शाळा बंद, असं पत्र वरून आलं होतं. सोमवारी वहीत नावं होती अकरा. त्यातच हेडमास्तरांची दाढ ठणकायला लागली.

तसं पाहिलं तर शाळेत वाईट काही नव्हतं. वर्ग हवेशीर, बाई मायाळू, फी शून्य. वाईट एवढंच, की हेडमास्तर ते सांगायचे. रस्त्यात पालक दिसला की त्याची पिशवी धरून पाऊण तास सांगायचे. नव्या इमारतींतले लोक त्यांना लांबून पाहून फुटपाथ बदलत. ज्याचं एवढं कौतुक करावं लागतं त्यात काहीतरी खोट असणारच, हा हिशेब ती माणसं भाजीपासून जावयापर्यंत सगळीकडे लावत. खुद्द हेडमास्तरांच्या सुनेनंही लेकीला लांबच्या काचेच्या शाळेत घालायचं ठरवलं होतं. ते त्यांना फार लागलं होतं. पण घरी तेवढं एकच ते बोलून दाखवत नसत.

मंगळवारी दाढ काढली. "तीन दिवस बोलायचं नाही," दंतवैद्यानं बजावलं आणि कापसाचा बोळा दाबून बसवला.

बुधवारी नेमके बँकेतले मॅनेजर बायकोसह शाळेत हजर. नव्या इमारतींतून आपल्या पायांनी आलेले हे पहिलेच पालक.

"सहज चौकशीला आलो," मॅनेजर म्हणाले. "जागा काय, असेलच म्हणा."

हेडमास्तर आनंदानं ताडकन उठले. बोळा सरकला, कळ मस्तकात गेली आणि डोळे मिटून त्यांची मान नुसती इकडून तिकडे हलत राहिली.

"नाही?" मॅनेजरांना नकार द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. "या शाळेत जागा नाही?"

हेडमास्तरांनी घाईघाईनं पंजा पुढे केला.

"सर थांबा म्हणतायत," शिपायानं खुलासा केला.

"म्हणजे वेटिंग लिस्ट!" मॅनेजरांची बायको नवऱ्यावर उखडली. "मी कधीची म्हणतेय, चौकशी करा, चौकशी करा. बसा आता!" तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला, त्यावर मुलाचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मॅनेजरांच्या मुलाला जागा मिळाली नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत नव्या इमारतींच्या सगळ्या मजल्यांवर पोचली. गुरुवारी फाटक उघडायच्या आत पालक उभे होते. हेडमास्तर आता शहाणे झाले होते. मान अजिबात न हलवता त्यांनी एकेकाला चिठ्ठी लिहून दिली, 'जागा आहे. दाखला घेऊन या.' मॅनेजरांकडेही शिपायाच्या हाती एक धाडली.

"मॅनेजरांना तोंडावर नाही म्हणाले, आणि आपल्याला गुपचूप चिठ्ठी!" एक वडील बायकोच्या कानात म्हणाले. "कुणाला बोलू नकोस हं."

तिनं फक्त शेजारणीला सांगितलं.

शुक्रवारी साडेचारला वहीत एकोणीस नावं झाली. बोळा निघाला होता, सूज उतरली होती. हेडमास्तर घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत असताना दारात सून आली.

"बाबा, अख्ख्या इमारतीला चिठ्ठ्या वाटल्यात म्हणे तुम्ही," तिचा आवाज भरून आला होता. "आणि घरच्या नातीला जागा नाही?"

हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, जागा नाही कशी?" ते म्हणाले. "आपली शाळा म्हणजे काय सांगू तुला! वर्ग बघ, कसे हवेशीर. आणि आपल्या बाई तर..."

सुनेची नजर हळूहळू खिडकीबाहेर जायला लागली. पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. ती नजर हेडमास्तरांच्या चांगल्या ओळखीची होती.

ते थांबले. गालावर हात ठेवून मोठ्यांदा कण्हले आणि कागद ओढून त्यांनी लिहिलं, 'बघतो. कुणाला बोलू नकोस.'

सून चिठ्ठी मुठीत घट्ट धरून दाखला आणायला धावली. पाचला तीन मिनिटं कमी असताना शिपायानं विसावं नाव वहीत घातलं.

सोमवारी पालकसभा भरली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हेडमास्तर भाषणाला उठले, घसा साफ केला आणि पाण्याच्या ग्लासाला हात घातला. ग्लासाशेजारी शिपायानं कापसाचा एक ताजा बोळा ठेवला होता.