तिसरा शब्द

राजापेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वामनकाकांसमोर कोणी अडखळायची सोय नाही. बोलणारा जरा थांबला की पुढचे दोन शब्द काकांच्या तोंडून कुजबुजत बाहेर पडतात. एका लग्नात भटजी श्वास घ्यायला थांबले, तर काकांनी मंगलाष्टकाची पुढची ओळ त्यांना देऊन टाकली.

त्यांचाही इलाज नाही. नाटक कंपनीत उभा जन्म ते विंगेत वही धरून प्रॉम्प्टर म्हणून उभे राहिले. "दोनच शब्द द्याचे," ते सांगतात. "तिसरा देल्ला म्हंजे नटाचा अपमान." कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत माझी बोबडी वळली, तेव्हा पडद्यामागून काकांचे असेच दोन शब्द आले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ते दोन शब्द मी विसरलेलो नाही.

म्हणून गेल्या महिन्यात काका म्हणाले, "अकोल्याले पिक्चर पाहाले चाल," तेव्हा मी शिकवणीला सुट्टी दिली. पिक्चर विनोदी होता. निवृत्त नटनट्या म्हातारपणी एका घरात राहतात अशी गोष्ट. बाळापूरचे युसूफभाई, काकांच्या कंपनीचे एकेकाळचे नायक, हल्ली माणसं विसरू लागले होते. मागच्या खेपेला त्यांनी काकांनाही ओळखलं नव्हतं.

"नाटकवाले पाहून त्याले काईतरी आठवीन," काका म्हणाले. एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी चार वेळा जागा बदलली.

युसूफभाईंना त्यांचा मुलगा थिएटरवर घेऊन आला. काकांना पाहून युसूफभाईंनी अदबीने सलाम केला. परक्याला करतात तसा.

पिक्चर भिकार निघाला. म्हातारे घसरून पडत होते, कवळ्या चहात बुडत होत्या, आणि कोणी हसत नव्हतं. एका प्रसंगात म्हातारा नट रंगमंचावर वाक्य विसरतो आणि बाकीचे त्याला पाहून खिदळतात. काका ताडकन उभे राहिले.

"अबे, विंगेत कोन हाय? काहून गप हायेस? दे ना शब्द!"

अख्खं थिएटर हसलं. पूर्ण पिक्चरभर तेवढंच.

"काका, बसा," मी त्यांचा शर्ट ओढला.

"घरभर नट ठेवले अन् प्रॉम्प्टर एक नाई! असं घर असते काय?"

युसूफभाई शांतपणे पॉपकॉर्न खात होते.

बाहेर आल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "माफ करा, आपण कोन?"

मुलगा ओशाळला. "अब्बा, हे..."

काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. नाव सांगू दिलं नाही. ते युसूफभाईंच्या मागे, डाव्या खांद्याशी जाऊन उभे राहिले. विंगेत उभे राहायचे तसे. आणि युसूफभाईंच्या जुन्या नाटकातल्या वाक्याचे दोन शब्द कुजबुजले.

"दार उघड..."

पार्किंगमध्ये हॉर्न वाजत होते. युसूफभाई समोर बघत राहिले. काका या पायावरून त्या पायावर झाले.

"दार उघड..."

मग काकांनी जन्मात पहिल्यांदा तिसरा शब्द दिला.

"सुमित्रे."

युसूफभाईंची मान जरा वळली. कपाळावर आठी आली.

"हळू, वामन," ते वैतागून कुजबुजले. "तिसऱ्या रांगेले ऐकू जाऊन राह्यलं."

काका काहीतरी म्हणाले. मी अगदी जवळ उभा होतो, तरी मला फक्त ओठ हललेले दिसले.